काढणीचा काळ आणि कायद्याची व्याख्या : ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’च्या अहवालाचे (१८९४) पुनर्वाचन

प्रस्तावना

हार्बर मार्गावरील रे रोड स्थानकातून पूर्वेकडे उतरून दारूखान्याच्या दिशेने चालू लागले की जुन्या जहाजांचे साखळदंड, नांगर, पोलादी तारांचे दोर आणि नायलॉनची वेटोळी विकणारी दुकाने लागतात. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने तेथील एका दुकानात सहज चौकशी केली, की ‘हेम्पचा दोर मिळेल काय?’ दुकानदाराने उलट विचारले, “कुठला हेम्प, सर? मनिला, सिसल, की सन?” या तिन्ही दोरांपैकी एकाचाही गांजाच्या झाडाशी वनस्पतिशास्त्रीय संबंध नाही. मनिला हेम्प हा केळीच्या कुळातील अबाका, सिसल म्हणजे घायपाताचा वाख आणि सनहेम्प म्हणजे आपला ताग किंवा बोरू. व्यापारात ‘बॉम्बे हेम्प’ हे नाव तर अंबाडीलाही मिळालेले आहे. दुकानदाराचा प्रश्न नेमका होता. चुकीचा प्रश्न प्राध्यापकाचा होता.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे, की ‘हेम्प’विषयी अलीकडे मराठीत जे अभ्यासलेख प्रसिद्ध होतात, त्यांतील बहुतेकांत हाच चुकीचा प्रश्न गृहीत धरलेला असतो. एका लेखात हेम्प म्हणजे ताग, दुसऱ्यात अंबाडी, तिसऱ्यात भांग. आणि या सर्वांना जोडणारे एक वाक्य मात्र समान असते : ‘ज्या जातीत टीएचसीचे प्रमाण ०.३ टक्क्यांहून कमी असते तिला औद्योगिक हेम्प म्हणतात.’ हे वाक्य परीक्षकांच्या नजरेतून निर्वेध सुटते. प्रस्तुत लेखकाच्या हातूनही ते सुटलेले आहे, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. वास्तविक ०.३ टक्के हा आकडा जातीचा नसून एका विशिष्ट दिवशी कापलेल्या, विशिष्ट भागातून घेतलेल्या, विशिष्ट पद्धतीने वाळवलेल्या नमुन्याचा असतो. झाड तेच, शेत तेच. तीन आठवड्यांनी आकडा निराळा येतो. काढणीचा काळ हा या चर्चेतील गाभ्याचा घटक असूनही तो आपल्या लेखनात तळटिपेपुरताही येत नाही.

या प्रश्नाचा विचार करताना एका जुन्या ग्रंथाकडे वळणे उपयुक्त ठरते. १८९३-९४ च्या ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’चा अहवाल हा या विषयावरील आजवरच्या सर्वांत विस्तृत सरकारी चौकशीचा दस्तऐवज मानला जातो. त्याचे वाचन आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी झाले : वसाहतीच्या अबकारी धोरणाचा पुरावा म्हणून आणि गांजाबंदीच्या विरोधातील दाखला म्हणून. शेतात काय घडते आणि केव्हा घडते याविषयी तो काय सांगतो, या अंगाने त्याचे वाचन व्हावे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

अहवाल आणि त्याचा परिसर

ब्रिटिश पार्लमेंटमध्ये १८९३ च्या मार्च महिन्यात डब्ल्यू. एस. केन यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नातून या आयोगाचा जन्म झाला. चौकशी आरंभी बंगालपुरती होती. पुढे ती सर्व ब्रिटिश हिंदुस्थानला लागू करण्यात आली. अध्यक्षपदी डब्ल्यू. मॅकवर्थ यंग होते. मुंबई इलाख्यातून एच. टी. ओमॅनी हे सनदी अधिकारी सदस्य होते आणि रसायनशास्त्राचे प्रतिनिधित्व कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे प्राध्यापक सी. जे. एच. वॉर्डन यांच्याकडे होते. आयोगाने ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले. मर्यादित सेवनाने सामान्यतः अपाय होत नाही, संपूर्ण बंदी समर्थनीय नाही, मात्र लागवडीवर आणि विक्रीवर कर व परवाना यांचे नियंत्रण असावे, हा त्याचा निष्कर्ष सुपरिचित आहे. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोघा भारतीय सदस्यांनी त्याला भिन्नमतपत्रिका जोडल्या, ही गोष्ट मात्र फारशी उद्धृत होत नाही.

ज्यांच्या नावाने हा रस्ता व पुढे १९१० मध्ये हे स्थानक ओळखले जाऊ लागले, ते लॉर्ड रे १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. म्हणजे आयोगाच्या चौकशीपूर्वी अवघी तीन वर्षे. याच सुमारास जवळच्या भायखळ्यातील एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यातून ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा भारतीय वनौषधींवरील त्रिखंडात्मक ग्रंथ बाहेर पडत होता. त्याचे कर्ते तीन : मुंबई सरकारच्या औषधभांडाराचे प्रमुख विल्यम डायमॉक, डेव्हिड हूपर आणि वर उल्लेखिलेले वॉर्डन. डायमॉक १८९२ मध्ये निवर्तले. तिसरा खंड १८९३ मध्ये पूर्ण झाला. आयोगाच्या मेजावर बसलेला रसायनज्ञ म्हणजे या ग्रंथाचा एक कर्ता, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. बाजारात येणाऱ्या मालाची प्रत, त्याचा वास, त्यातील राळेचे प्रमाण आणि त्याचे प्रांताप्रांतांतील भेद यांकडे बारकाईने पाहण्याची सवय असलेला माणूस आयोगात होता. तरीही अहवालात काळाचा प्रश्न कसा मांडला गेला, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

व्याख्येत दडलेला काळ

आयोगाने गांजाची व्याख्या डेव्हिड प्रेन यांच्याकडून घेतली. प्रेन हे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातील शास्त्रज्ञ. बंगालमधील गांजाच्या लागवडीवरील त्यांचा स्वतंत्र अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्या व्याख्येचा आशय असा : लागवड केलेल्या मादी झाडांचे, मोकळेपणाने बी धरता न आल्यामुळे राळेने माखलेले, वाळवलेले फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. या एका वाक्यात सहा अटी आहेत. झाड लावलेले हवे, ते मादी हवे, भाग फुलोऱ्याचा हवा, त्यावर राळ आलेली हवी आणि ती बी न धरल्यामुळे आलेली हवी. शिवाय तो वाळवलेला हवा. काळजीपूर्वक पाहिल्यास ही वस्तूची व्याख्या नसून एका घटनाक्रमाची व्याख्या आहे. नर झाडे वेळेवर उपटली नाहीत तर ती घटना घडत नाही. काढणी लवकर केली तर ती अपुरी घडते. उशीर केला तर घडून गेलेली असते.

बंगालमधील नौगाव भागाचे जे वर्णन या काळच्या कागदपत्रांत येते, त्यात हा घटनाक्रम स्पष्ट दिसतो. ऑगस्टच्या सुमारास रोपवाटिकेत बी टाकायचे, पुढल्या महिन्यात रोपे शेतात लावायची, नोव्हेंबरात फुलोऱ्याची चिन्हे दिसू लागली की नर झाडे ओळखून काढून टाकायची आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कापणी करायची. नर झाडे ओळखण्यासाठी खास जाणकार मजुरीवर बोलावला जाई. त्याच्या नजरेवर साऱ्या पिकाचे मोल ठरे. कापणीनंतर तुडवून केलेला चपटा गांजा, वळून केलेला गोल गांजा आणि काड्या झडून उरलेला चुरा असे तीन प्रकार होत आणि त्यांवरील कराचे दर वेगवेगळे असत. चपट्या मालात काडी अधिक, चुऱ्यात जवळजवळ नाहीच. म्हणून चुऱ्यावर कर जास्त. म्हणजे अबकारी खात्याने निव्वळ वजन न पाहता वजनामागच्या द्रव्याचा अप्रत्यक्ष अंदाज घेतला होता. हे रसायनशास्त्र नव्हे, पण त्याच्या वाटेवरचे एक पाऊल निश्चित होते. मुंबई इलाख्यात अहमदनगरसारख्या (आताचा अहिल्यानगर) दख्खनच्या कोरड्या जिल्ह्यांत गांजाची लागवड होत असे.

अहवालाची मर्यादा येथेच सुरू होते. आयोगाने साक्षीदारांना पाठवलेल्या प्रश्नावलीत, साठवणीत हे पदार्थ निकामी होतात काय, किती काळ टिकतात आणि बिघाडाची कारणे कोणती, याची स्वतंत्र व तपशीलवार विचारणा आहे. काढणीपूर्वीच्या काळाची चौकशी मात्र लागवडीच्या पद्धतींविषयीच्या सर्वसाधारण प्रश्नात विरघळून गेली. हा फरक आकस्मिक वाटत नाही. कोठारात पडलेला माल खराब झाला तर सरकारचा महसूल बुडतो. शेतात कापणी दहा दिवस आधी झाली तर बुडत नाही. जो काळ सरकारी कोठाराच्या दाराआत येतो त्याची दखल घेतली गेली. दाराबाहेरचा काळ शेतकऱ्याच्या अनुभवावर सोडून देण्यात आला. साक्षीदारांत अधिकाऱ्यांचा वाटा मोठा होता, ही बाबही येथे विचारात घ्यावी लागते. फुलोरा पिवळा पडू लागला की कोयता लावायचा, हे ज्याला हाताने माहीत होते, त्याचे ज्ञान अहवालात आले ते दुसऱ्याच्या तोंडून.

रसायनशास्त्र तेव्हा जे सांगू शकत नव्हते

आयोगाच्या रसायनज्ञांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्या काळी मद्यार्कात किती अंश विरघळतो आणि राळ किती निघते, एवढेच मोजता येत होते. राळेत कोणते द्रव्य आहे, हा प्रश्न अनुत्तरित होता. आयोगाचा अहवाल आल्यावर दोन वर्षांनी, १८९६ मध्ये, केंब्रिजच्या वुड, स्पिव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी भारतीय चरसापासून एक द्रव्य वेगळे करून त्यास ‘कॅनाबिनॉल’ हे नाव दिले. पुढे जे कळले ते मोठे मार्मिक आहे. कॅनाबिनॉल हे ताज्या झाडात जवळजवळ नसतेच; टीएचसीचे कालांतराने, हवा व उजेड यांच्या संपर्काने विघटन होऊन ते बनते. म्हणजे या वनस्पतीच्या रसायनशास्त्रात पहिले नाव मिळाले ते झाडाने बनवलेल्या द्रव्याला नव्हे, तर काळाने बदललेल्या द्रव्याला. मूळ द्रव्य असलेल्या टीएचसीची रचना इस्रायलमध्ये गाओनी व मेशुलम यांनी उलगडली ती १९६४ मध्ये.

आज उपलब्ध असलेले ज्ञान थोडक्यात असे मांडता येईल. मादी फुलांभोवतीच्या लहान पर्णदलांवर देठ असलेले ग्रंथियुक्त केस असतात. त्यांच्या टोकावरील गोलकात प्रथम कॅनाबिजेरॉलिक आम्ल तयार होते आणि त्यापासून दोन वेगळ्या विकरांच्या साहाय्याने टीएचसी-आम्ल व सीबीडी-आम्ल बनते. जिवंत झाडात असतात ती ही आम्ले. उष्णतेने किंवा दीर्घ साठवणीत त्यांतील कार्बन डायऑक्साइड निघून जातो तेव्हा टीएचसी व सीबीडी हाती येतात. म्हणूनच प्रयोगशाळेत ‘एकूण टीएचसी’ काढताना आम्लाच्या प्रमाणाला ०.८७७ ने गुणून ते टीएचसीत मिळवतात. वाढीच्या अवस्थेतील पानांत ही द्रव्ये अल्प असतात. फुलोरा सुरू झाल्यावर ती काही आठवडे चढत जातात, एका टप्प्यावर स्थिरावतात आणि झाड जुने होऊ लागले की घटतात. राळेचे थेंब प्रथम पारदर्शक, नंतर दुधाळ आणि अखेर पिंगट दिसतात, हे जगभरचे लागवडदार भिंगातून पाहतात. सुगंधी टर्पिनांचा हिशेब आणखी नाजूक असतो. त्यांतील हलकी द्रव्ये वाळवतानाच उडून जातात.

येथे एक महत्त्वाचा भेद करणे आवश्यक आहे, कारण तो न केल्याने मराठी लेखनात बराच गोंधळ झालेला आहे. काढणीच्या काळाने बदलते ते द्रव्यांचे एकूण प्रमाण. टीएचसी व सीबीडी यांचे परस्परांशी असलेले गुणोत्तर प्रामुख्याने आनुवंशिकतेने ठरते. २००३ मध्ये द मायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गुणोत्तर एका जनुकस्थानाशी निगडित असल्याचे दाखवले. नंतरच्या जनुकसंच-अभ्यासांनी ते चित्र अधिक गुंतागुंतीचे केले, परंतु मूळ निष्कर्ष टिकून राहिला. सीबीडीप्रधान वाणातही सीबीडी बनवणारे विकर थोडे टीएचसी बनवतेच. हे प्रमाण साधारणपणे वीस ते पंचवीसास एक असे असते. आता साधे अंकगणित करून पाहावे. मर्यादा ०.३ टक्के असेल, तर त्या झाडातील सीबीडी सहा ते साडेसात टक्क्यांच्या पुढे जाताच टीएचसीही मर्यादा ओलांडणार. वाण निर्दोष असला तरी झाड पिकले की गुन्हेगार ठरते. शेतकऱ्याला सीबीडी अधिक हवे असते, म्हणून तो थांबतो. कायद्याला टीएचसी कमी हवे असते, म्हणून त्याला घाई करावी लागते. दोन्ही द्रव्ये एकाच शिडीवरून चढतात. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हंगामभराच्या मोजणीतूनही वाणावाणांतील फुलोऱ्याच्या वेळेचा फरक आणि द्रव्यसंचयाचा वेग यांचा हा संबंध पुढे आला आहे.

०.३ या आकड्याचे मूळही तपासण्यासारखे आहे. अर्नेस्ट स्मॉल व आर्थर क्रॉन्क्विस्ट यांनी १९७६ मध्ये वनस्पतिवर्गीकरणाच्या सोयीसाठी ही रेघ आखली. ती एकसारख्या परिस्थितीत वाढवलेल्या झाडांच्या कोवळ्या पानांवरील मोजमापांवर आधारलेली होती आणि ती काहीशी स्वैर असल्याचे खुद्द कर्त्यांनी मान्य केले होते. अमेरिकेच्या २०१८ च्या शेतीविषयक कायद्याने तोच आकडा उचलला, पण तो लागू झाला फुलोऱ्याला. २०२१ च्या नियमांत नमुना झाडाच्या शेंड्याकडील पाच ते आठ इंचांतून घ्यावा आणि नमुना घेतल्यापासून तीस दिवसांत कापणी पूर्ण करावी, असे ठरले. त्याआधीच्या हंगामी नियमात ही मुदत पंधरा दिवसांची होती. म्हणजे पानासाठी आखलेली रेघ फुलावर ओढली गेली आणि तिच्या भोवती दिवसांचे कुंपण घालावे लागले. या कुंपणाच्या तपशिलाविषयी मतभेद असू शकतात. परंतु तेथील नियमकर्त्यांना काळाची दखल घ्यावी लागली, ही गोष्ट नाकारता येत नाही.

भारतीय कायद्यातून काळ कसा गळाला

१९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील गांजाची व्याख्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावरून आलेली आहे. झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यांसोबत नसतील तर बिया आणि पाने त्यातून वगळलेली. प्रेन यांच्या व्याख्येशी ही ताडून पाहिली असता काय गळाले ते दिसते. ‘मादी’ गेले, ‘लागवड केलेले’ गेले, ‘राळेने माखलेले’ गेले, ‘वाळवलेले’ गेले आणि बी न धरल्याचे कारणही गेले. उलट ‘फळलेले’ हा शब्द नव्याने आला. नर झाडाचा फुलोराही आता गांजाच आणि बी धरून राळ ओसरलेला शेंडाही गांजाच. १८९४ च्या व्याख्येत घटनाक्रम होता. १९८५ च्या व्याख्येत अवयवाचे नाव तेवढे उरले.

आणि तरीही काळ पूर्णपणे हाकलता आलेला नाही. ‘फुललेले किंवा फळलेले’ या शब्दांत तो अडकून राहिला आहे. फुलोरा येण्यापूर्वी उपटलेले झाड हे या कायद्याच्या दृष्टीने ‘कॅनाबिसचे झाड’ असते, त्याची लागवड हा गुन्हा असतो. पण त्याचा पाला गांजा नसतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका प्रकरणात जामीन देताना नेमक्या याच मुद्द्याकडे लक्ष वेधले होते : जप्त माल हिरवट पानांचा असेल आणि त्यात फुलोऱ्याचे वा फळांचे शेंडे असल्याचे दिसत नसेल, तर तो गांजाच्या व्याख्येत बसतो काय, हा प्रश्न उरतो. न्यायालयाने वनस्पतिशास्त्राचा प्रश्न विचारला, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

यात काय पणाला लागते, हे आकड्यांवरून ध्यानात यावे. २००१ च्या अधिसूचनेनुसार गांजाची ‘अल्प मात्रा’ एक किलो आणि ‘व्यापारी मात्रा’ वीस किलो. व्यापारी मात्रा सिद्ध झाल्यास किमान शिक्षा दहा वर्षांची. महाराष्ट्रात कपाशी, तूर किंवा उसाच्या आड लावलेली झाडे पकडल्याच्या बातम्या दर हंगामात येतात आणि त्यांत जप्त मालाचे वजन दिलेले असते. ते वजन अनेकदा ओल्या, मुळासकट उपटलेल्या झाडांचे असते : खोड, फांद्या, पाने, पाणी आणि प्रसंगी मुळाशी चिकटलेली माती यांसह. ओले झाड वाळल्यावर वजनाचा मोठा भाग नाहीसा होतो आणि उरलेल्यात फुलोऱ्याचा वाटा किती, हे झाड कोणत्या अवस्थेत उपटले यावर अवलंबून असते. ऑगस्टमध्ये उपटलेले वीस किलो आणि जानेवारीत उपटलेले वीस किलो यांत रसायनदृष्ट्या काहीच साम्य नसू शकते. शिक्षेच्या तक्त्यात मात्र ते एकाच ओळीत बसतात. प्रयोगशाळेकडे २४ ग्रॅमचा नमुना जातो. तो ढिगाच्या कोणत्या भागातून घेतला, शेंड्यातून की बुडख्यातून, याचा उल्लेख क्वचित सापडतो. तेथून येणारे उत्तर सामान्यतः ‘आहे’ किंवा ‘नाही’ या स्वरूपाचे असते. किती आहे, याची विचारणा कायदाच करत नाही. शंभर वर्षांपूर्वीचे अबकारी खाते चपटा, गोल आणि चुरा यांत भेद करत होते. तराजूच्या बाबतीत आपण त्यांच्याही मागे गेलो आहोत, असे खेदाने म्हणावे लागते.

एका आक्षेपाचा विचार येथेच करावा. काढणीच्या काळाला इतके महत्त्व दिले तर प्रत्येक आरोपी ‘माझे झाड अजून फुलले नव्हते’ असे म्हणेल आणि अंमलबजावणी अशक्य होईल, असे काहींचे म्हणणे आहे. परंतु झाडाची अवस्था ही लपवता येणारी बाब नाही. फुलोरा डोळ्यांना दिसतो, नर-मादी ओळखता येतात, छायाचित्र काढता येते. पंचनाम्यात झाडांची संख्या आणि उंची लिहिली जाते, तेथे आणखी एक ओळ लिहिण्यास अडचण कोणती असावी?

वाख, बी आणि राळ

हेम्पच्या बाबतीत काढणीचा दिवस एक नसतो, तीन असतात. उत्तम वाखासाठी नर झाडांच्या फुलोऱ्याच्या सुमारास कापणी करतात. पुढे खोडात लिग्निन वाढते, धागा जाड व खरखरीत होतो आणि सडवून सोलणे अवघड जाते. बियांसाठी त्यानंतर कित्येक आठवडे थांबावे लागते. राळेचा शिखरबिंदू या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येतो आणि तोही बी न धरणाऱ्या झाडात. तिन्ही लाभ एकाच कापणीत मिळतील, असे सांगणारी जी प्रचारपत्रके अलीकडे वाचनात येतात, ती या साध्या गोष्टीकडे डोळेझाक करतात.

आपल्या शेतकऱ्याला हे तत्त्व अपरिचित नाही. हिरवळीच्या खतासाठी पेरलेला ताग फुलावर येताच गाडला जातो. उशीर झाला की खोड लाकूडतोडे होते, नत्राचे प्रमाण उतरते आणि ते जमिनीत कुजायला वेळ लागतो. अंबाडीची कोवळी पाने भाजीला, तीच अंबाडी फुलोऱ्यावर आली की वाखाला. रे रोडच्या शेजारच्या कॉटन ग्रीनमधील कापसाच्या व्यापाऱ्यांना अपक्व रुईची ओळख होती. अशा रुईवर रंग नीट चढत नाही, कारण तंतूच्या आतील भिंतीत सेल्युलोजचा थर पुरता बसलेला नसतो. माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळेने (स्थापना १९२४) तंतूच्या पक्वतेचे मोजमाप हा विषय दीर्घकाळ हाताळला. कापसाच्या बाबतीत ‘ही रुई केव्हा वेचली?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय भाव ठरत नसे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात मुळे, साल, चीक, पाने यांच्या संग्रहासाठी वेगवेगळे ऋतू सांगितलेले आहेत, याचाही उल्लेख येथे करता येईल. मात्र त्यावरून ‘आमच्या पूर्वजांना कॅनाबिनॉइड ठाऊक होते’ अशी उडी मारणे हे दोन्ही परंपरांचा अवमान करणे होय.

आता राहिला प्रश्न महाराष्ट्राचा. कायद्याच्या चौदाव्या कलमानुसार वाख, बी किंवा उद्यानविद्येच्या प्रयोजनार्थ या झाडाच्या लागवडीस शासन परवानगी देऊ शकते. उत्तराखंडाने २०१८ पासून असे परवाने दिले, तेही ०.३ टक्क्यांच्या अटीवर. मुंबईतही २०१३ मध्ये बॉम्बे हेम्प कंपनीसारखा उद्योग उभा राहिला. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ मध्ये हेम्पच्या बिया, तेल व पीठ यांना अन्न म्हणून मान्यता देताना बियांसाठी किलोमागे ५ मिलिग्रॅम व तेलासाठी १० मिलिग्रॅम टीएचसीची कमाल मर्यादा घातली. बियांत मुळात टीएचसी जवळजवळ नसतेच. येते ते काढणी व मळणीत चिकटलेल्या राळेतून. म्हणजे येथेही निर्णायक ठरते ते खळ्यावरचे काम.

महाराष्ट्राने उद्या लागवडीस परवानगी देण्याचे ठरवले, तर उत्तरेचे वेळापत्रक येथे जसेच्या तसे चालणार नाही. कॅनाबिस ही दिवस लहान होऊ लागताच फुलणारी वनस्पती आहे. युरोपातील वाखाचे वाण पंधरा-सोळा तासांच्या उन्हाळी दिवसात उंच वाढतात आणि दिवस साधारण चौदा तासांच्या खाली उतरू लागला की फुलाकडे वळतात. मुंबईत वर्षातील सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. असे वाण येथे पेरले की ते गुडघाभर उंचीवरच फुलू लागतात. वाख मिळत नाही, आणि राळेचा काळ मात्र अपेक्षेपेक्षा कितीतरी लवकर येतो. डेहराडूनमध्ये ज्या तारखेला नमुना ०.३ च्या आत येईल, त्या तारखेला विदर्भात किंवा मराठवाड्यात तोच वाण रेघ ओलांडून गेलेला असू शकतो. शेतकऱ्याचे बियाणे प्रमाणित असेल, परवाना खरा असेल आणि तरीही पीक जाळून टाकण्याचा आदेश हाती पडेल. ज्या आयोगाने सबंध देशाला एकच प्रश्नावली पाठवली होती, त्यानेही निदान प्रांताप्रांतांची उत्तरे वेगवेगळ्या खंडांत छापली. आपल्या परवान्यांच्या नमुन्यात अक्षांशासाठी, पेरणीच्या तारखेसाठी आणि फुलोऱ्याच्या पहिल्या दिवसासाठी रकाना असावा. आणि वाणाच्या नावापुढे टीएचसीची टक्केवारी छापणाऱ्या लेखाला मान्यता देण्यापूर्वी, नमुना पेरणीनंतर कितव्या दिवशी आणि झाडाच्या कोणत्या भागातून घेतला, एवढे तरी आपण परीक्षक म्हणून विचारावे.